दूध-भात आणि दासोह



मागील पावसाळ्यात मठाच्या गोठ्यामागे एक मांजरी पडलेली आढळली. दोन्ही डोळे चिपडांनी मिटलेले, नाक वाहत असलेले, पाठीची हाडे वर आलेली. मठात शिकणाऱ्या एका मुलाने तिला पोत्यात गुंडाळून आत आणले आणि दूध-भाताची वाटी पुढे केली. तिने वाटीला तोंडही लावले नाही.

गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगितले, की मांजरांत पसरणारा हा सर्दीचा रोग आहे. नाक चोंदले की मांजराला अन्नाचा वास येत नाही, आणि वासावाचून ते खात नाही. काही दिवस उपास घडला तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. म्हणून औषधाइतकीच निगा महत्त्वाची. कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने डोळे-नाक पुसावे, ऊब द्यावी, अन्न किंचित गरम करून द्यावे. घरातील पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नये, कारण एका गोळीनेही मांजर दगावू शकते. ओरखडा किंवा चावा बसला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

मग त्यांनी विचारले, "हिला खायला काय देता?" आम्ही दूध-भात म्हणताच ते म्हणाले, "स्वामीजी, पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. आणि भातावर मांजर टिकत नाही." मांजराच्या शरीराला टॉरीन नावाचे द्रव्य लागते. ते त्याला स्वतः पुरेसे तयार करता येत नाही. मांस-मासळीत ते असते, आपल्या ताटातील धान्य-भाजीत नसते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते. हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली संशोधनातून दिसून आले.

येथे आमची परीक्षा सुरू झाली. मठाच्या आवारात मासळी येणे शक्य नव्हते. काही भक्त म्हणाले, "दूध-भातावर जगेल तितकी जगू द्या." एका वृद्ध शरणांनी त्याहून कठीण प्रश्न केला, "एका जिवासाठी दुसरे जीव जाणार असतील, तर ती दया कसली?"

बसवेश्वरांनी दयेला धर्माचे मूळ मानले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण शरणांनी त्याच्या जोडीला दासोह शिकविला. दानात देणारा आपल्या हाताकडे पाहतो, दासोहात तो घेणाऱ्याकडे पाहतो. दास स्वतःच्या आवडीचे वाढीत नाही. समोरच्याला काय हवे, हे तो आधी जाणून घेतो. आमचा दूध-भात पवित्र होता खरा, पण तो आमच्या समाधानासाठी होता.

शाकाहार हे आमचे व्रत आहे, कारण आम्हांला निवड करता येते. मांजरीला ती निवडच नाही. तिच्यावर आमचे व्रत लादून तिला आंधळी करणे म्हणजे अहिंसा नव्हे. वृद्ध शरणांचा प्रश्न याने पुरता सुटतो, असे आम्ही म्हणत नाही. तो मनाला टोचत राहावा, हेच बरे.

शेवटी मठाशेजारच्या एका माउलीने मार्ग काढला. तिच्या घरी मासळी शिजतेच. मीठ-मसाला न घातलेला, काटे काढलेला उकडलेला तुकडा ती मांजरीसाठी बाजूला ठेवू लागली. तिच्याच पडवीत मुलांनी सकाळ-संध्याकाळ औषध घातले. खर्च मठाने केला. तीन आठवड्यांनी डोळे उघडले, मात्र एका डोळ्यावर पांढुरका डाग राहिला. अंगात ताकद आल्यावर तिची संततिनियमनाची शस्त्रक्रियाही करून घेतली. ती आता त्याच घरी राहते.

वाचकहो, आपण माणसांनाही असाच दूध-भात वाढीत नाही का? अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना घटकाभर जवळ बसणारे कोणी हवे असते, आणि आपण महागडे टॉनिक पाठवून मोकळे होतो. आज घरी गेल्यावर एकालाच विचारून पाहा, "तुम्हांला काय हवे?" आणि उत्तर आपल्या सोयीचे नसले, तरी ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.

शरणु शरणार्थी.