अंधारातील दृष्टी आणि ईर्यासमिती

रात्री धावणाऱ्या मोटारीसमोरचा माणूस चालकाला दिसण्यापूर्वीच यंत्राने हेरावा आणि त्याच्यावर प्रकाशझोत टाकावा, ही सोय महागड्या गाड्यांत आता मिळू लागली आहे. तिच्यामुळे हिंसाविचारातील एक जुना प्रश्न पुन्हा पुढे येतो, तो असा की जो दिसलाच नाही त्याच्या मृत्यूचा दोष कोणाकडे जातो.

या यंत्रणेचा आधार अवरक्त किरण, म्हणजे तांबड्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे किरण हा असतो. एका प्रकारात गाडी स्वतःच असे किरण पुढे सोडते आणि परतून येणारे किरण कॅमेरा टिपतो. दुसऱ्या प्रकारात गाडी काहीच सोडत नाही, तर सजीवाच्या अंगातून सतत बाहेर पडणारी, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची उष्णता कॅमेरा पकडतो आणि गार पार्श्वभूमीवर ऊबदार आकृती उठून दिसते. कॅडिलॅकने २००० सालच्या डेव्हिल गाडीत या दुसऱ्या प्रकाराची दृष्टी बाजारात आणली, होंडाने २००४ मध्ये आकृती पादचाऱ्याची आहे हे ओळखून चालकाला सावध करण्याची भर घातली, आणि पुढे मर्सिडीज व बीएमडब्ल्यू यांनी दिव्याचा झोतच त्या माणसाकडे वळवला.

कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यात दिगंबर जैन समाज शतकानुशतके शेतीवाडी करून राहिला आहे, आणि हातकणंगले तालुक्यातील कुंभोजच्या बाहुबलीसारख्या स्थानांमुळे मुनींचा विहार, म्हणजे गावोगाव अनवाणी चालत जाणे, इथल्या लोकांच्या नेहमीच्या पाहण्यातला आहे. हे चालणे ईर्यासमितीने बांधलेले असते. समिती म्हणजे सावध वर्तनाचा नियम; अशा पाच नियमांपैकी चालण्याविषयीचा हा पहिला नियम असून, सूर्यप्रकाशात, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन न्याहाळत पाऊल टाकावे असे तो सांगतो. अंधारात किडामुंगी दिसत नाही, म्हणून रात्री चालायचेच नाही. नियम कडक आहे खरा, पण त्यातला हिशेब अगदी सरळ आहे: जेवढे दिसते तेवढ्याच पल्ल्यात चालणाऱ्याने आपली गती ठेवायची.

या नियमामागची तात्त्विक भूमिका कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसार’ या प्राकृत ग्रंथात आढळते. त्याची चिकित्सक आवृत्ती कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९३५ मध्ये सिद्ध केली. तेथील प्रतिपादनाचा आशय असा की जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याच्या हातून हिंसा घडलेलीच असते, आणि जो समिती पाळून सावधपणे वागतो त्याला केवळ प्राणहानी झाली म्हणून कर्मबंध लागत नाही. दोषाचे ठिकाण अशा रीतीने परिणामातून उचलून प्रमादात, म्हणजे गाफीलपणात, ठेवले जाते. ‘दिसला नाही’ ही सबब येथे पुरी पडत नाही, कारण दिसणार नाही अशा वेगाने जाणे हाच मुळात प्रमाद होय.

ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबेपर्यंत आणखी जवळपास ३५ मीटर सरतात. खाली झुकवलेल्या दिव्यांत गडद कपड्यांतला माणूस इतक्या, म्हणजे ६८ मीटर अंतरावरून सहसा दिसत नाही. मुनी गतीला दृष्टीच्या आत ठेवतो; मोटारीने आधी गती घेतली आणि मग दृष्टी तिच्यामागे ओढत नेली. रात्रदृष्टी हा त्याच ओढाताणीचा पुढचा टप्पा असून, वाढलेल्या दृष्टीचा उपयोग सावधपणासाठी होतो की आणखी वेगासाठी, हे यंत्र ठरवत नाही.

३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कार्तिकी एकादशीसाठी पंढरपूरला पायी निघालेल्या, करवीर तालुक्यातील जठारवाडीच्या दिंडीत सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ संध्याकाळी मोटार घुसली आणि सात वारकरी दगावले. त्या घटनेतील दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मात्र अशा अपघातांनंतर चर्चा बहुधा वारकऱ्यांनी चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, दिंडीमागे दिवा ठेवावा, याभोवती फिरते. सूचना उपयुक्तच आहेत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावले जातात तेही योग्यच, जरी मागे लोंबणाऱ्या वाढ्यांखाली ते कित्येकदा झाकून जातात. पण ईर्यासमितीने पाहण्याचा भार जाणाऱ्यावर टाकला होता, मुंगीने दिसावे अशी अपेक्षा केली नव्हती. येथे तो भार दुबळ्याच्या अंगावर सरकतो. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर मेलेल्यांत ३२,८२५ पादचारी होते, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते.

मुनीचा नियम संसारी माणसाला कसा लागू करायचा, असा आक्षेप येईल. दुधाचा टँकर रात्रीच मुंबईला निघतो, एसटीलाही रात्र चुकत नाही. जैन आचारशास्त्राला ही अडचण ठाऊक आहे. म्हणून ते गृहस्थाच्या बाबतीत ठरवून केलेली संकल्पी हिंसा आणि उपजीविकेच्या ओघात घडणारी उद्योगी हिंसा यांत भेद करते आणि दुसरीला काही सूट देते. ही सूट व्यवसायाच्या अपरिहार्यतेला आहे, गाफीलपणाला नव्हे.

यंत्राची दृष्टी स्वतःही निवडक असते. मर्सिडीजच्या यंत्रणेत झोत माणसावर टाकला जातो, जनावरावर नाही, कारण उजेडाने बुजलेले जनावर कुठे धाव घेईल याचा नेम नसतो. व्यवहारात हे शहाणपणाचे आहे, पण जीवमात्राला एकाच मोजमापाने पाहणाऱ्या दर्शनाला त्यात माणसापुरती आखलेली करुणा दिसेल. शिवाय उष्णता टिपणारा कॅमेरा फरकावर जगतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला लोक वाडी रत्नागिरीकडे पायी निघतात तेव्हा दिवसभर तापलेले डांबर आणि कातळ सूर्य मावळल्यावरही बराच वेळ ऊब धरून असतात, आणि माणसाची आकृती तितकी उठून दिसत नाही. अशा वेळी पडद्यावर चौकट उमटली नाही म्हणून समोर कोणी नाही असे धरून वेग न उतरवणारा चालक कुंदकुंदांच्या अर्थाने प्रमादीच ठरतो, मग वळणापलीकडचा रस्ता मोकळा निघाला तरीही.