मारक्या बैलाचा धनी

जबलपुरास समुद्र नाही, नर्मदा आहे. तरीही मुंबईजवळच्या न्हावा शेवा येथे १९८९ साली जे बंदर सुरू झाले, तेथे उतरणाऱ्या मालाचा काही अंश नागपूर, सिवनी असा हजारांहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून या शहरी येतो. काही माल रेल्वेने येतो हे खरे. परंतु बंदराच्या फाटकापासून गोदामापर्यंत आणि मालधक्क्यापासून दुकानापर्यंत ट्रकावाचून गत्यंतर नसते.

जबलपूरकरांस ट्रक म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. येथील वाहन कारखाना १९६९ चा. सैन्याचा ‘शक्तिमान’ ट्रक याच गावचा, त्याचे उत्पादन १९९६ साली थांबले. सैन्यात वाहनाचे वय व त्याने कापलेले अंतर ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ते सेवेतून काढण्यात येते. ते अद्याप चालते की नाही, एवढ्यावर निर्णय होत नाही. बाजाराची रीत उलटी आहे. पहिला मालक काही वर्षे लांब पल्ल्यावर गाडी चालवून ती विकतो, दुसरा तिसऱ्यास विकतो, आणि अखेरीस ती बंदर ते गोदाम, खाण ते बांधकाम अशा आखूड फेऱ्यांवर येते. तेथे वेग लागत नाही. बंद पडली तरी मिस्त्री हाकेच्या अंतरावर असतो. अशा रीतीने जी गाडी सर्वांत जीर्ण, तीच पुष्कळदा दाट वस्तीतून दिवसभर धूर ओकीत फिरते. घिसलेले टायर, अर्धवट लागणारे ब्रेक आणि क्षमतेहून अधिक माल यांची संगत कुरईच्या घाटात काय करू शकते, हे सांगावयास नको.

अशा गाडीखाली कोणी चिरडला तर दोष कोणाचा?

मोशेच्या नियमशास्त्रात या प्रश्नाशी अगदी जुळणारे एक प्रकरण आहे (निर्गम २१:२८-३२). बैलाने माणसास हुंदडून मारले तर बैल मारावा. धनी निर्दोष आहे. परंतु बैल आधीपासून मारका असेल, धन्यास तशी सूचना मिळाली असेल, आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर धन्यावरही मृत्यूचा दोष येतो. बैल तोच, शिंगेही तीच. फरक पडतो तो धन्याला ठाऊक होते की नव्हते एवढ्याने. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातही याचा पुसट प्रतिध्वनी आहे. वजनमर्यादेच्या ११३ व्या कलमाप्रमाणे, चालक स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने वा हुकुमाने घडला असे न्यायालयास गृहीत धरता येते.

कायदा मालकापाशी थांबतो. पण मालक तरी कोण? पुष्कळदा तो एका ट्रकाचा धनी असतो, कर्जात बुडालेला, कधी स्वतःच चालक. ‘जुनी गाडी मोडीत काढ’ असे त्याला सांगणे सोपे आहे. त्याचे कुटुंब काय खाईल याचे उत्तर सांगणाऱ्यापाशी क्वचितच असते. शिवाय तो जुनी गाडी का चालवतो? कारण त्याला मिळणाऱ्या भाड्यात नवी परवडत नाही. ते भाडे कोणी पाडले? माल पाठवणाऱ्याने, माल मागवणाऱ्याने, आणि शेवटी स्वस्त मिळाले म्हणून समाधान मानणाऱ्या गिऱ्हाइकाने. मंदिराच्या फरशीसाठी तीन ठिकाणचे दर मागवून सर्वांत कमी वाहतूकखर्चाचा दर मंजूर करणारी आमची बांधकाम समितीही या साखळीतच उभी आहे. हा काटकसरीचा गुण आहे असे आपण मानतो. मला तो सदैव गुण वाटत नाही. आपली बचत जर दुसऱ्याच्या फुप्फुसांतून वसूल होत असेल, तर ती बचत नव्हे, उधारी आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस व लाँग बीच या शेजारी बंदरांनी १ ऑक्टोबर २००८ पासून १९८९ पूर्वीच्या ट्रकांना मज्जाव केला. हवा सुधारली, पण नव्या गाड्यांचे हप्ते अनेक चालकांच्याच कमाईतून कापले गेले. म्हणजे बैल बदलला आणि दंड गुराख्याला झाला. पुढे २०२२ मध्ये तेथे वीस फुटी कंटेनरमागे दहा डॉलरचे शुल्क मालाच्या धन्यावर बसवण्यात आले व ते स्वच्छ ट्रकांसाठी राखले गेले. रक्कम किरकोळ आहे. परंतु भार कोणाच्या खांद्यावर असावा हे तिने बरोबर ओळखले.

‘आम्हांस ठाऊक नव्हते’ ही सबब आता फारशी उरलेली नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की तिचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी नवे करावे लागते, आणि त्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. फरशी उतरवण्यापूर्वी तो कागद दाखवा असे म्हणावयास समितीच्या सचिवास दोन मिनिटे पुरतात. कागद नसेल, तर पुढच्या खेपेस दुसरी गाडी ठरवावी लागेल आणि भाडे थोडे अधिक पडेल. ते अधिक पैसे अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली घालावयाचे, हे मात्र समितीने बसून ठरवावे.