मुखपट्टी आणि श्वासाचे ऋण

मराठीत ‘मुखवटा’ या शब्दाला कपटाची छटा आहे. ‘मुखपट्टी’ला ती नाही. स्थानकवासी जैन साधू-साध्वी तोंडावर पट्टी बांधतात ती स्वतःच्या रक्षणासाठी नव्हे. आपल्या उच्छ्वासाने सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये, ही त्यामागील भावना. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा वू लिएन-तेह या डॉक्टरांनी कापूस व जाळीदार कापडाच्या पट्टीचा आग्रह धरला, तो मुख्यतः रुग्णसेवा करणाऱ्यांचे प्राण वाचावेत म्हणून. एकच वस्तू, एका ठिकाणी ती दुसऱ्यांसाठी, दुसऱ्या ठिकाणी स्वतःसाठी.

श्वसनाचा जुनाट विकार जडलेल्या माणसापुढे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे राहतात. श्वासनलिका अरुंद झालेल्या या रुग्णाला श्वास घेण्यापेक्षा सोडणे अधिक कठीण जाते. हवा आत कोंडून राहते. निरोगी माणसाला जाणवतही नाही असा पट्टीचा अडथळा त्याला ओझे होतो. मात्र इतरांना चार दिवस त्रास देऊन जाणारा ताप त्याला रुग्णालयात पोहोचवू शकतो. ज्याला पट्टीची गरज सर्वाधिक, त्यालाच ती सर्वाधिक जड.

यावर तोडगा म्हणून झडप असलेल्या मुखपट्ट्या आल्या. त्यांतून श्वास सोडणे सुकर होते. पण सोडलेला श्वास न गाळताच बाहेर पडतो. म्हणूनच जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा पट्ट्यांच्या वापराविरुद्ध इशारा दिला. येथे खरा नैतिक पेच आहे. आजाऱ्याला सवलत द्यावी, असे करुणा सांगते. परंतु दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी बसलेला माणूसही तितकाच दुबळा असतो. एका दुर्बळावरील करुणेची किंमत दुसऱ्या दुर्बळाकडून वसूल करणे न्याय्य कसे ठरेल?

हा पेच सुटत नाही, याचे कारण तो केवळ दोन आजाऱ्यांमध्ये मांडला जातो. तिसरा, निरोगी माणूस त्यातून अलगद निसटतो. ज्याला पट्टीचे ओझे सर्वांत हलके, त्याने ती आधी बांधावी, हाच न्याय. २०२२ च्या गुढीपाडव्याला महाराष्ट्रात मुखपट्टीची सक्ती संपली. सक्ती संपते तेथे नीतीचा प्रांत सुरू होतो. प्रत्यक्षात मात्र खोकणारा मोकळ्या तोंडाने बसतो, आणि स्वतःला जपण्यासाठी पट्टी बांधलेल्या आजाऱ्यापासूनच लोक दूर सरकतात.

चेहरा झाकण्यालाही किंमत असते, हा आक्षेप खरा आहे. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिरांना ती विशेष मोजावी लागते. म्हणून येथे मागणी सर्वकाळच्या नियमाची नाही, तारतम्याची आहे: स्वतःला खोकला असताना, रुग्णालयात, गर्दीच्या डब्यात.

तथापि पट्टी बांधली म्हणजे ऋण फिटले, असेही नव्हे. विडीला कधी न शिवलेल्या कितीतरी स्त्रियांची फुप्फुसे चुलीच्या धुराने निकामी झाली आहेत. घरादारासाठी त्यांनी तो धूर गिळला. त्या धुरावर शिजलेले अन्न ज्यांनी खाल्ले, त्यांनी त्यांच्या हाती नुसती एक पट्टी ठेवून मोकळे होणे, हा उपकार नव्हे. ती हिशेबातली चूक आहे.