श्रद्धेवाचून विधी

इंग्लंडमध्ये केंब्रिजशर परगण्यात, फेन्स नावाच्या सपाट आणि एके काळी दलदलीच्या मुलखात, व्हिटल्सी हे छोटे गाव आहे. जानेवारीच्या कडाक्यात इथल्या रस्त्यांवरून एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत गव्हाच्या काडात गुंडाळलेला, नाचत जातो. त्याचा चेहरा दिसत नाही. एकजण दोरी धरून त्याला दरवेशाच्या अस्वलासारखा पुढे चालवतो. हे पेंढ्याचे अस्वल. त्याच्यासोबत सजवलेला नांगर, जड बूट आपटत नाचणारे मॉली नर्तक, मेलोडियन आणि ढोल. रस्त्याच्या कडेला नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा, बापाच्या खांद्यावर बसलेली मुले. मोठ्या अस्वलाबरोबर एक छोटे अस्वलही असते, त्यात लहान मूल असते. शनिवारी मिरवणूक आणि रविवारी तो सगळा पेंढा जाळायचा, असा शिरस्ता. हे जाळल्याने पीक चांगले येते, असे मनापासून मानणारा माणूस त्या गर्दीत सापडणे कठीण. मग ज्याच्या मागे श्रद्धा उरलेली नाही अशा कृतीला विधी म्हणायचे की सहकुटुंब करमणूक? ती विधीच आहे, आणि तिचे विधीपण श्रद्धेवर कधीच उभे नव्हते, असे मला ठामपणे वाटते.

या प्रथेचा उगम कोणत्याही देवळात नाही, तो पोटात आहे. 6 जानेवारीच्या एपिफनी सणानंतरचा पहिला सोमवार हा ‘नांगर-सोमवार’. नाताळाची सुटी संपून शेतीची कामे सुरू व्हायचा हा दिवस, पण जमीन थंडीने आखडलेली, काम अपुरे आणि मजुरी त्याहून अपुरी. शेतमजूर नांगर ओढत दारोदार जात, नाचत, पैसे मागत. नाही म्हणणाऱ्याच्या दारापुढची जमीन नांगरून ठेवल्याच्या कथा अनेक ठिकाणच्या आहेत. व्हिटल्सीत दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अस्वल निघे. 1882 च्या एका वृत्तपत्रात त्याचे वर्णन आहे. पुढे एका उत्साही पोलीस इन्स्पेक्टरने हा भीक मागण्याचा प्रकार आहे म्हणून तो बंद पाडायचे ठरवले. 1909 च्या जानेवारीत मूर स्मिथ नावाच्या प्राध्यापकांना अस्वल रस्त्यात भेटले. त्यांनी ते ‘फोकलोर’ नियतकालिकाला कळवले, बंदीची हकीकतही नोंदवली, आणि त्यानंतर प्रथा विझली. आपल्याला ही नजर परकी नाही. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात गाणे, नाचणे, खेळ करून दाखवणे या मिषाने पैसे मागणे हीदेखील भीकच ठरवली आहे. वासुदेव आणि बहुरूपी त्या व्याख्येत सहज बसतात. इन्स्पेक्टरला दिसले ते खोटे नव्हते, मागणे होतेच. पण वर्षातून एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या सोंगात, गावासमोर केलेले मागणे हा देणाऱ्या-घेणाऱ्यांमधला करार असतो. तो कोणाच्या मनातल्या समजुतीत लिहिलेला नसतो, म्हणून तो कागदी कायद्याला दिसत नाही.

व्हिटल्सीचे अस्वल मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाउ’ या प्रचंड ग्रंथातही पोहोचले. फ्रेझर यांना त्यात धान्याचा आत्मा दिसला: आदिमानवाची पिकाविषयीची चुकीची कल्पना, आणि तिचा हा उरलेला तुकडा. ही मांडणी इतकी गोड आहे की आजही अशा उत्सवांवर लिहिणारे ‘ख्रिस्तपूर्व निसर्गपूजा’ असे बेधडक लिहितात. तिच्यावर मूलभूत आक्षेप घेतला तो तत्त्वज्ञ लुडविग विटगेन्स्टाइन यांनी. फ्रेझर केंब्रिजच्या ज्या ट्रिनिटी कॉलेजचे, त्याच कॉलेजचे हेही. 1931 पासून त्यांनी फ्रेझर यांच्यावर टिपणे लिहिली. त्यांचा मुद्दा असा की विधी हे चुकलेले विज्ञान नव्हे. प्रिय माणसाच्या चित्राचे चुंबन घेणारा मनुष्य, त्याचा परिणाम त्या माणसावर होईल अशा हिशेबाने ते घेत नाही. त्या कृतीत कोणतेही मत नाही, म्हणून ती चूकही ठरू शकत नाही. स्कॉटलंडच्या बेल्टेन अग्न्युत्सवाविषयी त्यांनी याहून खोल प्रश्न विचारला: तो उत्सव मनाला हलवतो तो त्याच्या उगमाच्या कथेमुळे, की डोळ्यांपुढे जे घडते त्याच्यामुळेच? उगमाची कथा उद्या खोटी ठरली तरी माणसासारखा आकार ज्वाळांत जाताना पाहून पोटात जे हलते ते थांबत नाही.

आपल्या मीमांसकांनी हा प्रश्न फार पूर्वी, वेगळ्या वाटेने, हाताळला होता. यज्ञाचे फळ देवता प्रसन्न होऊन देते, हे मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामींनी नाकारले. देवतेला देह नाही, ती हविर्द्रव्य खात नाही, प्रधान आहे ते कर्म. याग म्हणजे देवतेला उद्देशून केलेला द्रव्याचा त्याग, अशी त्यांची व्याख्या. मीमांसकांना वेदाचे प्रामाण्य हवे होते आणि व्हिटल्सीच्या गावकऱ्यांपाशी तसला आधार नाही, ही तफावत मोठी आहे. पण त्यांनी दाखवलेली एक गोष्ट इथे लागू पडते: कृतीचे गांभीर्य कर्त्याच्या भावनेवर मोजायचे नाही, तिच्यातला नियम आणि त्यात जे सोडून दिले जाते त्यावर मोजायचे. कापणीच्या वेळी चांगला पेंढा निवडून अस्वलासाठी बाजूला ठेवायचा, बांधायला तासन्‌तास घालवायचे, आणि जे इतके देखणे झाले ते दुसऱ्या दिवशी जाळायचे. करमणुकीला यातले काहीच लागत नाही. करमणुकीचा व्यवस्थापक पोशाख जपून पुढच्या वर्षी वापरेल.

एक आक्षेप अस्सलपणाचा आहे. आजचा उत्सव ही अखंड परंपरा नाही. 1980 मध्ये व्हिटल्सी सोसायटीने तो पुन्हा सुरू केला. मधली सत्तर वर्षे कोरी आहेत. मंगळवारचा दिवसही सुटला आणि लोकांच्या सोयीने शनिवार-रविवार आले. इतिहासकार रॉनल्ड हटन यांनी इंग्लिश वर्षसणांचे पुरावे तपासून दाखवून दिले की ‘अतिप्राचीन’ म्हणवणाऱ्या पुष्कळ प्रथांचे धागे मध्ययुगाच्या अखेरीपलीकडे जात नाहीत. हे सगळे मान्य करायलाच हवे. यातून कोसळतो तो मात्र फ्रेझरचा दावा, उत्सव नव्हे. सार्वजनिक गणेशोत्सव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभा राहिला, हे आपल्याकडे शाळकरी मुलाला ठाऊक असते, आणि त्यामुळे विसर्जनाच्या दिवशी कोणाचा कंठ दाटायचा राहत नाही.

प्राचीनत्वावर भिस्त न ठेवण्याचा एक नैतिक फायदाही आहे. नांगर-सोमवारचे मजूर ओळख लपवायला चेहऱ्याला काजळी फासत, आणि मॉली नर्तकांनी ती रीत उचलली. कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या रंगमंचीय खेळांची छाया तिच्यावर किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण आज रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला त्या वादाशी काय करायचे आहे? 2020 मध्ये इंग्लंडमधल्या, मॉली ज्यात मोडते त्या मॉरिस नृत्याच्या तिन्ही मुख्य संघटनांनी संपूर्ण चेहरा काळा करणे थांबवण्याची भूमिका घेतली, आणि अनेक पथके इतर रंगांकडे वळली. काहींना हा परंपरेचा घात वाटला. मला ती परंपरेची प्रकृती ठणठणीत असल्याची खूण वाटते. सोंग हवे, ओळख लपायला हवी, एवढे निळ्या रंगानेही साधते.

श्रद्धावंताचा आक्षेप मात्र सर्वांत जड आहे. तो म्हणेल, या अस्वलापुढे कोणी हात जोडत नाही, लेकराच्या आजारपणात कोणी त्याला नवस बोलत नाही, मरणाच्या वेळी ते कोणाच्या उशाशी येत नाही. खरे आहे. प्रार्थनेचे काम हा विधी करत नाही, आणि तसा आव त्याने आणला तर तो खोटा होईल. पण धर्माने जी अनेक कामे एकत्र बांधून ठेवली होती, त्यातले एक इथे सुटे होऊन जिवंत आहे: वर्षाच्या सर्वांत अडचणीच्या दिवसांत घराबाहेर पडणे, परक्याच्या दारात नाचणे आणि परक्याला आपल्या दारात नाचू देणे. छोट्या अस्वलात शिरलेल्या मुलाला धान्याच्या आत्म्याविषयी काहीही शिकवावे लागत नाही. पेंढा टोचतो, गाव पाहत असते, आणि रविवारी तो जाळायचा आहे हे त्याला माहीत असते.