दुपारी दोनची गुणवत्ता

मेच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता शहाणा नागपूरकर कूलरसमोरून उठत नाही. पारा चाळिशीपार असतो. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’चा पेपर मात्र नेमका तेव्हाच सुरू झाला, ५ मे २०२४ रोजी आणि ४ मे २०२५ रोजीही. फाटक दीडला बंद होते, म्हणून लेकरे त्याआधीच भर उन्हात रांगेत उभी.

प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर उत्तराला चार, चुकले की उणे एक. डोके भणभणत असताना एक गोल चुकीचा रंगला की पाच गुणांचा फरक पडतो आणि क्रमवारीत हजारो मुले पुढे निघून जातात. मेडिकलला प्रवेश, खासगी महाविद्यालयाचे न झेपणारे शुल्क की आणखी एक वर्ष क्लास, हे असे ठरते. निकालानंतर आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘त्याची मेहनत कमी पडली.’

पण गुण नुसत्या मेहनतीवर ठरत नाहीत. इस्रायलमध्ये संशोधकांनी २००० ते २००२ मधील शालान्त परीक्षा तपासल्या. एकाच विद्यार्थ्याचे वेगवेगळ्या दिवशीचे पेपर ताडून पाहिले. हवेत सूक्ष्म धूलिकण जास्त त्या दिवशी गुण कमी. इथवर नवल नाही. पण त्याच मुलांचे पुढचे शिक्षण आणि तिशीच्या सुमाराची कमाईही घटलेली आढळली. त्या दिवशीची हवा काही त्यांनी निवडली नव्हती. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुराडी रोज पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

२०२५ मध्ये इंदूरला ‘नीट’चा पेपर चालू असताना वादळाने वीज गेली. मुले उच्च न्यायालयात गेली. एकल पीठाने फेरपरीक्षेचा आदेश दिला, खंडपीठाने तो रद्द केला. वीज गेल्याची निदान नोंद तरी राहते. उन्हाने गेलेल्या पाच गुणांचा पुरावा कोणते लेकरू कुठून आणणार?

नशीब पूर्ण पुसता येत नाही, मान्य. पण अभियांत्रिकी प्रवेशाची ‘जेईई मेन’ २०१९ पासून वर्षातून किमान दोनदा होते आणि त्यांतले सर्वांत चांगले गुण धरले जातात. म्हणजे उपाय ठाऊक आहे. वीस लाखांहून अधिक मुलांची कागदावरची परीक्षा दोनदा घेणे अवघड असेल, तर घड्याळ तरी बदला. विदर्भातल्या पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी एवढी एक मागणी लावून धरावी: मे महिन्यातला पेपर सकाळी घ्या.