झालं, आजी!

बी. कॉम. झाल्यापासून माझी एक पक्की समजूत होती, की जगात कामं दोनच प्रकारची: एक झालेलं आणि दुसरं 'उद्या या' म्हटलेलं. या शिदोरीवर मी बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं सुखात काढली.

गेल्या पावसाळ्यात गंगावेशेतल्या एक आजी पासबुक भरून घ्यायला आल्या. नोंदी बारा. प्रिंटरनं सात छापल्या आणि मौनव्रत धरलं. आजींच्या मागं रांग, माझ्या डोळ्यांपुढं डबा. पासबुक मिटून मी म्हणालो, "झालं, आजी."

आठवी नोंद पेन्शनची होती! आजींनी शेजारच्या पोराकडून पासबुक वाचून घेतलं, पेन्शन आलीच नाही असं समजल्या आणि महिनाभर रक्तदाबाची गोळी एकाआड एक दिवस घेतली. पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तू झालं म्हणालास न्हवं, लेकरा?"

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरवाला. वाटलं, तो तरी प्रिंटरवर खापर फोडेल. तो म्हणाला, "मामा, यंत्र अडकणारच. त्याच्यात आणि प्रोग्रॅममध्ये ड्रायव्हर नावाचा मध्यस्थ असतो. बारा अक्षरं पाठव म्हटलं आणि सातच गेली, तर तो 'झालं' म्हणत नाही, 'जमत नाही' असंही म्हणत नाही. 'सात' म्हणतो. मग आठव्यापासून पुन्हा पाठवायचं, ते पाठवणाऱ्यानं." १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्सच्या घराण्यातली ही रीत म्हणे. त्याच घराण्याच्या वळणावर १९९१ साली आलेल्या लिनक्सच्या पोटात तर 'कॉपी टू यूजर' म्हणून एक कारकून आहे, तो किती राहिलं तेवढंच सांगतो. सगळं पोचलं, तर उत्तर शून्य! शून्य मिळाल्यावर शाबासकी असते, हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर!

तेव्हा अर्धं काम हे काही पाप नव्हे; आकडा गिळणं हे पाप. पण भाच्याच्या शास्त्रात एक सोय आहे: 'सात' ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला बारातून सात वजा करता येतात. आजींना बारा होत्या हेच ठाऊक नव्हतं. ज्याला बाकी मोजता येत नाही, त्याला नुसता आकडा सांगून सुटता येत नाही; उरलेलं आपणच पुरं करायचं.

हल्ली मी म्हणतो, "आजी, सात झाल्या, पाच राहिल्या. बसा." रांग कुरकुरते, डबा गार होतो.

घरीही तेच धोरण ठेवलं. परवा बायकोला सांगितलं, "सहा भाज्यांपैकी चार आणल्या." तिनं कॉम्प्युटर कधी शिकला नाही, पण पाचवीपासून पुढची यादी आणि पिशवी लगेच पुन्हा माझ्या हातात आली.