लाट परतविताना
ताणलेल्या तारेवरील लाटेचे समीकरण दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने १७४७ साली मांडले. त्यातली उजवीकडे धावणारी लाट परतवायची, तर आकार तसाच ठेवून प्रत्येक बिंदूचा वरखाली होण्याचा वेग उलटा करावा लागतो. ते वेग एका क्षणी नुसते शून्य केले तर? लाट थांबत नाही, दुभंगते. निम्म्या उंचीची एक मागे फिरते, तेवढीच दुसरी पूर्वीच्याच वाटेने पुढे जाते.

पश्चात्तापाचेही असेच असावे, असे मला वाटते. वाईट वाटेवर नुसते थबकणे म्हणजे परतणे नव्हे. अर्धे मन पुढेच चालत राहते. परतायचे, तर ज्या जोराने गेलो त्याच जोराने, कणाकणाने उलटे वळले पाहिजे. तरीही या गणितात मला दिलासा दिसतो : परतण्यासाठी माणसाला आपला आकार टाकून द्यावा लागत नाही.